सोमवारची चव

बारा वाजून दहा मिनिटं झाली की अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. निवृत्त होऊन वर्ष झालं. या वेळेला परभणीतल्या माझ्या घरात कुकर उतरलेला असतो, भाजी झाकून ठेवलेली असते, आणि मी ताट वाढून न घेता ओट्यापाशी उगाच उभी राहते. कोणीतरी हातात स्टीलची वाटी देईल आणि विचारेल, "बगा बरं मॅडम, कसं झालंय?" असं वाटत राहतं. घरात आम्ही दोघंच. यजमानांना चव विचारली तर ते "छान" म्हणतात आणि पेपरचं पान उलटतात. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी दुसरा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही. हा माणूस शिक्षण खात्यात जायला हवा होता.

माझी शाळा जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या पुढे. पहाटेची एसटी, मग फाट्यावरून जीप. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक व्हरांडा, आणि मागे पत्र्याची खोली, जिला सरकारी कागदावर किचनशेड म्हणत आणि गावात खिचडीची खोली. शिक्षक आम्ही दोघं. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणायचे आणि मला मॅडम. तिसरी व्यक्ती म्हणजे खिचडी करणाऱ्या मावशी. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मीही त्यांना मावशीच म्हणायची. शाळेत स्वयंपाक करणारी बाई सगळ्या गावाची मावशी होते, तिला स्वतःला ते हवं असो नसो.

मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने अन्न खाऊन बघायचं आणि तशी नोंद चव रजिस्टरमध्ये करायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पूर्वी राजाच्या ताटातलं आधी दुसऱ्या कोणाला तरी खायला घालत म्हणे. तीच व्यवस्था इथे पहिलीतल्या शेंबड्या पोरांसाठी केलेली. लोकशाहीत मला आवडलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक. फरक एवढाच, की राजाचा माणूस खरोखर खात असणार. आमच्याकडे शेऱ्याचा रकाना होता आणि त्यात 'चव चांगली' असं लिहायची पद्धत होती. पाऊस असो, ऊन असो, तांदळात किडे निघोत, चव चांगली. मी हजर झाले तेव्हा आधीच्या मॅडमनी मला रजिस्टर देताना सांगितलं होतं, "सकाळी हजेरीबरोबरच लिहून टाकत जा, म्हणजे विसरत नाही."

मी तेवढं करत नव्हते. वाटी घ्यायची, दोन घास खायची, मग लिहायची. सोमवार सोडून. सोमवारी माझा उपवास असे. त्यात श्रद्धेचा भाग फार नव्हता. लग्न झाल्यावर सासूबाईंच्या मनःशांतीसाठी धरला होता, आणि सासूबाई गेल्यावर सोडायचं राहून गेलं. काही गोष्टी माणूस देवापेक्षा सवयीच्या भीतीने करतो. तर सोमवारी मी डब्यात भगर आणि दाण्याची आमटी न्यायची, आणि रजिस्टरमध्ये न खाताच 'चव चांगली' लिहायची. मावशी वाटी घेऊन यायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि घाईने परत जायच्या. मी ती वाटी नंतर गुपचूप मोठ्या पातेल्यात परत ओतायची. असं किती सोमवार केलं, ते आता आठवू नये असं वाटतं.

त्या एका सोमवारी मावशींच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळपासून त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मूग-तांदळाची खिचडी चढली, शिजली, माझ्या टेबलावर वाटी आली, शेरा लिहिला गेला, मुलं व्हरांड्यात ओळीने बसली, जेवली, ताटल्या धुऊन गेली. दुसरीतली एक मुलगी ताटली विसळताना एवढंच म्हणाली, "मॅडम, आज खिचडी कायच लागायली न्हाई." मी म्हटलं, "पटपट आवर."

मावशी सगळ्यांत शेवटी जेवायच्या. दहा मिनिटांनी त्या ताट हातात धरून वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, जरा खाऊन बगा."

"आज सोमवार आहे ना मावशी. उपवास माझा."

"आँ? मंग मगाशी चव कोणी घेतली?"

रजिस्टर टेबलावर उघडंच होतं.

"काय लिवलंय त्याच्यात?"

"चव चांगली."

"ह्याच्यात मीठच न्हाई, मॅडम. कणभर न्हाई. लेकरांनी अळणी खाल्लं अन् उठून गेले."

"मुलं काही बोलली नाहीत," मी म्हणाले. ते खोटं होतं.

"लेकरं कामून बोलतील? मॅडमनं चांगली म्हणून लिवलंय म्हणल्यावर." त्यांनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. मग आवाज अजिबात न चढवता विचारलं, "उपासच हाय ना? का दुसरं काही हाय?"

मावशींचं घर बुद्धविहाराच्या मागे होतं. गावातल्या काही घरांत त्यांना आजही चहा ओट्यावर, वेगळ्या कपात मिळतो. त्याच घरांतली पोरं दुपारी त्यांच्या हातचं दोनदा मागून खातात आणि घरी गेल्यावर सांगत नाहीत. मी पुस्तकं वाचणारी बाई. या विषयावर मी पंधरा ऑगस्टला भाषणं केली होती, आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आणि दर सोमवारी मी न खाल्लेली वाटी पातेल्यात परत ओतत होते, आणि त्यांनी ते कधीतरी पाहिलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि खायला लागले.

"अवो, मीठ तरी घ्या वरून," मावशी गडबडल्या.

"नको. चांगली म्हणून लिहिलंय ना."

अळणी खिचडी संपवायला फार वेळ लागतो. मावशी समोर बसून राहिल्या. शेवटच्या घासाला त्यांना हसू फुटलं. "लय हट्टी बाई हाय," असं त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या. सासूबाईंची शांतता आता त्यांची त्यांनीच बघावी, असं मी ठरवून टाकलं. त्यानंतर मी उपवास केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी देताना मावशींनी अट घातली. "आता जे हाय ते लिवायचं. अन् मला वाचून दाखवायचं. मला वाचता येत न्हाई म्हणून काय कायबी लिवता का?"

मग मी लिहायला लागले. रकाना अरुंद होता, म्हणून नोंदी पुढच्या ओळीत जाऊ लागल्या.

'मीठ बरोबर. हळद घाबरून टाकलेली.'

'मटकी अर्धी कच्ची. फोडणी मात्र अशी, की कच्चेपणा माफ.'

'शेवग्याच्या शेंगा जून.' त्याखाली, 'दोष शेंगांचा आहे, करणाराचा नाही. मावशींच्या सांगण्यावरून दुरुस्ती.'

'उसळीत गुळाचा खडा. कोणी सांगितला होता माहीत नाही, पण रोज सांगावा.'

मावशी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायच्या. पदराने हात पुसत, मान जरा तिरकी करून. कधी म्हणायच्या, "तेवढं खोडा. सरपण वलं व्हतं." कधी, "पुन्ना वाचा." चांगलं लिहिलेलं त्या एकदा ऐकायच्या आणि चुकलेलं दोनदा. दुसऱ्या दिवशी मटकी शिजलेली असायची, आणि हळदीची भीती गेलेली. मी आयुष्यात थोडंफार लिहिलं आहे, एक-दोन दिवाळी अंकांत छापूनही आलं. पण लिहिलेलं कोणी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी घालून उत्तर दिलं, असं दुसऱ्या कुठल्या लिखाणाच्या वाट्याला आलं नाही.

एके दिवशी खिचडी खाली लागली. मावशी फार नाराज होत्या. पण मुलांना ती करपलेली खरवड माहीत होती. ताटल्या घेऊन ती पातेल्याभोवती जमली, आणि मावशी उलथन्याने खरवडून एकेकाला पापुद्रे देऊ लागल्या. तपकिरी, कुरकुरीत, जिऱ्याचा वास असलेले. मलाही एक मिळाला. मी लिहिलं, 'आज करपलं. वरचं चांगलं, खालचं त्याहून चांगलं.'

मावशींनी ते तीनदा वाचून घेतलं. "खालचं त्याहून चांगलं," असं पुटपुटत त्या पातेलं घासायला गेल्या.

आणि मग साहेब आले.

साहेब येणार म्हणजे काय होतं, ते ज्यांनी जिल्हा परिषदेची शाळा पाहिली आहे त्यांना सांगायला नको. आठ दिवस आधीपासून मुलांचा अभ्यास बंद आणि लेझीम सुरू. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत रांगोळी. फेटा, शाल, नारळ, हार. भाषण देणाऱ्यांची यादी, आणि भाषण न मिळालेल्यांची नाराजी. मावशींना नवा कोरा एप्रन आणि डोक्याला प्लास्टिकची टोपी घालायला लावली होती. त्यांनी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, मी आज खिचडी करायलेय का कुणाचं ऑपरेशन?"

साहेबांचं जेवण जिंतूरहून वेगळ्या डब्यात आलं होतं. आमच्या खिचडीचा एक चमचा त्यांनी फोटोसाठी तोंडाजवळ नेला, आणि फोटो निघाल्यावर खरंच तोंडात घातला, हे मान्य करायला हवं. "वा, छान," म्हणाले. मग रजिस्टरं मागवली. मोठ्या सरांनी सगळी एकावर एक रचून दिली, कारण साहेब सह्यांपलीकडे काही बघतील असं त्यांना वाटलं नव्हतं. साहेबांनी चव रजिस्टर मध्येच कुठेतरी उघडलं, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"'आज करपलं.'"

तिथेच थांबले. पुढची ओळ वाचली नाही. पान उलटलं. "'मटकी अर्धी कच्ची.'" आणखी एक. "'शेंगा जून.' हे काय आहे? हे रजिस्टर आहे की निबंधाची वही? लहान लेकरांना करपलेलं अन् कच्चं घालायलात तुम्ही?"

मी उभी राहिले. मला सांगता आलं असतं, की साहेब, पुढची ओळ वाचा. या तालुक्यात हे एकच रजिस्टर आहे जे कोणीतरी खाऊन लिहिलं आहे. मावशी प्लास्टिकच्या टोपीत दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "सर, ते..." फेट्यातल्या माणसासमोर माझी जीभ अडखळली. मी ज्याची चेष्टा करत आले होते, त्याच फेट्यासमोर.

साहेबांनी जाताना सांगितलं, आठ दिवसांत खुलासा द्या, रजिस्टर सोबत जोडा, आणि ही बाई बदलण्याचा प्रस्ताव पाठवा.

मोठे सर भले माणूस होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मावशीला काढायचं न्हाई ना? मग एकच मार्ग हाय. नवं रजिस्टर लिहून काढा. वर्षभराचं. आन् एका पेनानं लिवू नका, दोन-तीन पेनं वापरा."

त्या रविवारी मी घरी डायनिंग टेबलावर बसले आणि निळ्या, काळ्या आणि जरा संपत आलेल्या निळ्या पेनाने वर्षभराची 'चव चांगली' लिहिली. यजमान मागून डोकावले आणि म्हणाले, "छान." खुलाशात मोठ्या सरांनी लिहिलं, की सदर दिवशी नजरचुकीने विद्यार्थ्यांच्या लेखनसरावाची वही सादर झाली होती. खुलासा मान्य झाला. मावशींचं काम वाचलं. माझी वही ही विद्यार्थ्यांच्या लेखनसरावाची होती, हे सरकारदरबारी आता कायमचं नोंदलेलं आहे, आणि ते फारसं चूकही नाही.

जुनी वही मोठ्या सरांनी मावशींच्या हातात दिली. चूल त्यांच्याकडेच होती. मी तिथेच उभी होते.

"ह्याच्यात हाय ना, तुमी वाचून दाखवलेलं?" मावशींनी मला विचारलं.

"हो."

"अन् नव्यात काय हाय?"

"चव चांगली."

"रोज?"

"रोज."

"बरं," मावशी म्हणाल्या.

मी वर्गात निघून गेले. धूर पत्र्यावरून गेलेला खिडकीतून दिसला, पण धूर रोजच दिसायचा.

त्यानंतर वर्षभर मी तिथे होते. वाटी रोज यायची. मी रोज खायची, सोमवारीसुद्धा. पण मावशी ती टेबलावर ठेवून परत फिरायच्या. "कसं झालंय" हा प्रश्न पुन्हा आला नाही. मी आपणहून काही सांगायला गेले तर "बरं, बरं," म्हणायच्या. त्या वर्षात त्यांनी एकदाही काही बिघडवलं नाही. उसळीत गुळाचा खडाही टाकला नाही. शेऱ्याचा रकाना पहिल्यांदाच खरा झाला होता, आणि मला तो लिहिताना रोज लाज वाटायची. पुढे माझी बदली पाथरी तालुक्यात झाली. निरोपाला नारळ, शाल, भाषण. मावशींनी त्या दिवशी खिचडीच केली होती. मी खाल्ली. कोणी काही विचारलं नाही.

पाथरीकडच्या शाळेतली खिचडी वाईट नव्हती. तरी त्या तीन वर्षांत माझी जीभ कशाची तरी वाट बघत राहिली. घरी मी मुगाची खिचडी पातळ बुडाच्या पातेल्यात, मुद्दाम मोठ्या आचेवर करून पाहिली. ती फक्त करपली.

गेल्या महिन्यात मी चारठाण्याकडच्या शाळेवरच्या नव्या सरांना फोन केला, की सोमवारी येऊ का. यजमानांना सांगितलं, चारठाण्याची जुनी देवळं बघून येते. "छान," ते म्हणाले. तीच पहाटेची एसटी, तोच फाटा. जीपवाला नवा होता.

भिंतीवर आता वारानुसार पदार्थांचा फलक लागला आहे. त्यात पुलावसुद्धा आहे. चुलीच्या जागी गॅस आला आहे. पातेलं तेच. मावशींना चष्मा लागला आहे. मला पाहून त्यांनी तांदळाचं रिकामं पोतं झटकून अंथरलं.

"लय दिसानं, मॅडम. बसा. वाळलात तुमी."

"पोरगी कशी आहे?"

"दोन लेकरं हायेत तिला. त्या सोमवारचेच पाव्हणे, पसंत केलं त्यांनी." मुगाला वाफ आली होती. त्या ढवळत राहिल्या. "अळणी खिचडीचा गुण आला म्हणायचा."

मी पोत्यावर बसले. मग ज्यासाठी गेले होते ते विचारलं.

"मावशी, ती वही जाळलीच का हो?"

"जाळली की. तुमी सांगितलं व्हतं."

सांगितलं मोठ्या सरांनी होतं. पण मी दुरुस्ती केली नाही. तसं बघितलं तर त्यांचंच बरोबर होतं.

"मला तेव्हा बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "साहेबांसमोर."

मावशींनी आच कमी केली. माझ्याकडे न बघता, पाढे म्हणावेत तशा त्या म्हणू लागल्या. "मीठ बरोबर. हळद घाबरून टाकलेली." मग, "मटकी अर्धी कच्ची. फोडणी मात्र अशी, की कच्चेपणा माफ." मग, "दोष शेंगांचा हाय, करणाराचा न्हाई." एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता. काही नोंदी मी स्वतः विसरून गेले होते. ऐकताना मला वाटत होतं, हे कोणी लिहिलं? "आज करपलं," त्या म्हणाल्या, आणि साहेब जिथे थांबले होते तिथे न थांबता पुढे गेल्या. "वरचं चांगलं, खालचं त्याहून चांगलं."

बाहेर नवे सर मुलांना ओळीने बसवत होते. मावशींनी एका झाकलेल्या वाटीतली खिचडी ताटात काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"सोमवार हाय," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

मी घास घेतला. मावशी उलथनं हातात धरून उभ्या राहिल्या, मान जरा तिरकी करून. पाच वर्षांनी तो प्रश्न आला.

"कसं झालंय?"

चांगली म्हणावं, असं क्षणभर वाटलं. पाहुणी म्हणून आले होते, इतक्या दिवसांनी. कोणीही तेच म्हटलं असतं.

"मीठ नाहीये, मावशी. कणभर नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लेकरांच्यात हाय. तुमच्यापुरतं मीठ टाकायच्या आदीच काढून ठिवलं व्हतं."

त्यांनी डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं आणि माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं. पातेल्याच्या बुडाशी उलथनं घातलं. खरवडण्याचा तो आवाज ऐकून ओळीतली दोन-तीन पोरं ताटल्या घेऊन उठलीच.

"खालचं देऊ का?" मावशींनी विचारलं.